पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या नर्सेसना पुढे नक्की काय करायचं असतं?

पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आलेल्या नर्सेसना ‘पुढे काय करायचं ठरवलंय?’ असं विचारलं की उत्तरं ठरावीक पाच-सहा दिशांना जातात. कुणाला शिकवायचं असतं, कुणाला एखाद्या स्पेशालिटीत मुरायचं असतं, कुणाला प्रशासनात जायचं असतं, कुणाला संशोधन करायचं असतं, कुणाला परदेश गाठायचा असतो. यावर जगभर सर्वेक्षणं होतात, तक्ते छापले जातात आणि ‘इतक्या टक्के नर्सेसचा कल अध्यापनाकडे’ असं लिहून विषय मिटतो.

पण त्याच नर्सला पुढचा प्रश्न विचारून बघा: शिकवायचंच का? मग उत्तरं वेगळीच येतात. नाइट ड्युटी झेपत नाही आता. पाठ गेली. घरी मुलं लहान आहेत. दहा वर्षं वॉर्डात काढली, अजून कुणीही येऊन वाट्टेल तसं बोलतं. यातल्या एकाही उत्तरात शिकवण्याची आवड नाही. ‘शिकवायचंय’ हे त्या तक्त्यातलं एक उत्तर असलं, तरी आतमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत: कुठे जायचंय आणि कुठून सुटायचंय. आणि त्याखाली तिसरी गोष्ट असते, जी सर्वेक्षणात बहुधा विचारलीच जात नाही. ती म्हणजे, वरची पदवी घेतलेल्या नर्ससाठी मुळात कोणकोणती पदं अस्तित्वात आहेत? नसलेल्या पदावर कुणी टिक करत नाही.

हा लेख या तीन गोष्टी वेगवेगळ्या करून दाखवण्यासाठी आहे. त्या वेगळ्या केल्या नाहीत, तर निवड करणारी नर्सही चुकते आणि धोरण आखणारेही चुकतात.

उच्चशिक्षणाचं तोंड सुरुवातीला कुठे होतं?

थोडा इतिहास लागेल, कारण आजच्या पसंतीची मुळं तिथे आहेत. प्रशिक्षित नर्सेससाठी विद्यापीठात पुढचं शिक्षण देण्याचा पहिला ठळक प्रयत्न 1899 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात झाला. अभ्यासक्रमाचं नाव होतं ‘हॉस्पिटल इकॉनॉमिक्स’. नावातच सगळं आलं. ज्या नर्सेसना पुढे नर्सिंग शाळा चालवायच्या होत्या किंवा रुग्णालयाची व्यवस्था सांभाळायची होती, त्यांच्यासाठी तो होता. 1907 मध्ये त्याच कॉलेजात मेरी ॲडलेड नटिंग प्राध्यापक झाल्या. विद्यापीठात प्राध्यापकपद मिळवणाऱ्या त्या जगातल्या पहिल्या नर्स.

ही फार मोठी मजल होती. नर्सला विद्यापीठाच्या दारातही उभं न करण्याचा तो काळ. पण त्यातून एक पायंडा पडला: नर्सने जास्त शिकायचं ते शिकवण्यासाठी किंवा कारभार बघण्यासाठी. रुग्णाजवळ राहण्यासाठी जास्त शिकायचं, ही कल्पना तेव्हा कुणाच्या आराखड्यात नव्हती.

ती यायला आणखी अर्धं शतक लागलं. 1954 मध्ये नर्स हिल्डगार्ड पेप्लाव यांनी अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात मनोरुग्णांच्या शुश्रूषेत पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. त्यातून बाहेर पडणारी नर्स त्या विषयातली तज्ज्ञ म्हणून रुग्णासोबतच काम करणार होती. आज आपण जिला क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट म्हणतो, तिची ही सुरुवात. मग 1965 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात नर्स लॉरेटा फोर्ड आणि बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी मिळून पहिला नर्स प्रॅक्टिशनर कार्यक्रम सुरू केला. जिथे डॉक्टर पोहोचत नव्हते, तिथल्या मुलांची तपासणी, वाढीवर लक्ष, साध्या आजारांवर उपचार हे प्रशिक्षित नर्स उत्तम करू शकते, हे त्यांना दाखवायचं होतं आणि त्यांनी ते दाखवलं. आज एकट्या अमेरिकेत परवानाधारक नर्स प्रॅक्टिशनर चार लाखांहून जास्त आहेत. इंटरनॅशनल कौन्सिल ऑफ नर्सेसने 2020 मध्ये प्रगत नर्सिंग सेवेबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. या दोन्ही पदांसाठी किमान मास्टर्स पदवी असावी, असं त्यात म्हटलं आहे.

आता यातून पसंतीबद्दल काय कळतं? ज्या देशांत नर्स प्रॅक्टिशनरचं पद कायद्याने मान्य आहे, औषध लिहून देण्याचा अधिकार आहे, पगाराची वेगळी श्रेणी आहे, तिथे पदव्युत्तर नर्सेसचे लोंढे त्या बाजूला वळतात. जिथे हे पद कागदावरही नाही, तिथे अध्यापन आणि प्रशासन पसंतीत वर असतं. दोन्हीकडच्या नर्सेस स्वभावाने वेगळ्या नाहीत. पाणी वाट असेल तिकडे वळतं, तेवढंच.

खाटेपाशी मुरलेलं ज्ञान

रुग्णसेवेतली पसंती नीट समजून घ्यायला हवी, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिच्याबद्दल आहेत. ‘एवढं शिकून पुन्हा वॉर्डातच?’ हा प्रश्न पदव्युत्तर नर्सला घरातून, नातेवाइकांकडून आणि कधी कधी सहकाऱ्यांकडूनही ऐकावा लागतो. या प्रश्नात एक गृहीतक दडलेलं आहे, की वॉर्डातलं काम म्हणजे हातांचं काम आणि शिक्षण म्हणजे डोक्याचं.

एक प्रसंग बघू. रात्रीचे तीन वाजलेत. पोटाचं ऑपरेशन होऊन रुग्णाचा दुसरा दिवस. रक्तदाब ठीक, ताप नाही, मॉनिटर शांत. नुकतीच रुजू झालेली नर्स आकडे तक्त्यात भरते, सगळं नॉर्मल म्हणून पुढच्या खाटेकडे वळते. त्याच ठिकाणी बारा वर्षं काढलेली नर्स थांबते. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. संध्याकाळी सोळा होते, आता चोवीस. रुग्ण बोलताना वाक्य अर्ध्यात तोडून श्वास घेतोय. पांघरूण सारखं ओढतोय, काढतोय. ती पाय चाचपते, लघवीच्या पिशवीत गेल्या दोन तासांत किती आली ते बघते आणि डॉक्टरांना फोन लावते. ‘पेशंट बरा वाटत नाही’ एवढंच ती सांगत नाही. श्वास किती होता, आता किती आहे, लघवी किती कमी झाली, कधीपासून, हे ती चार वाक्यांत सांगते आणि ‘तुम्ही आत्ता येऊन बघायला हवं’ असं स्पष्ट म्हणते.

प्रकृती ढासळू लागली की श्वासाचा वेग हा सगळ्यात आधी बदलणाऱ्या खुणांपैकी एक असतो. रक्तदाब बराच वेळ टिकून राहतो आणि मग एकदम कोसळतो. गंमत म्हणजे तक्त्यात सगळ्यात अंदाजपंचे भरला जाणारा आकडाही श्वासाचाच असतो. तो कधी मोजायचा आणि त्याला कशाशी जोडायचं, हे नुसत्या अनुभवाने येत नाही आणि नुसत्या पुस्तकाने तर मुळीच येत नाही. अमेरिकन अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी 1984 मध्ये नर्सच्या कौशल्याचे पाच टप्पे मांडले: नवखी, थोडी सरावलेली, सक्षम, निष्णात आणि तज्ज्ञ. प्राध्यापक असलेल्या ड्रायफस बंधूंनी कौशल्याबद्दल मांडलेला विचार त्यांनी नर्सिंगला लावून दाखवला. त्यांचं म्हणणं असं, की तज्ज्ञ नर्स नियमांची यादी मनात म्हणत नाही. ती परिस्थिती एकदम, अख्खी वाचते.

आता विचार करा. पाचव्या टप्प्यावर पोहोचलेली ही नर्स पदव्युत्तर शिक्षण घेते. शरीरक्रिया, औषधशास्त्र, पुरावे कसे तपासायचे हे सगळं तिच्या अनुभवाला जोडलं जातं. आणि पदवी हातात पडल्यावर तिला कळतं, की तिच्या रुग्णालयात मास्टर्स केलेल्या नर्ससाठी वॉर्डात वेगळं पदच नाही. पगार तोच, ड्युटी तीच, अधिकार तेच. बढती हवी असेल तर इन्चार्ज व्हा, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक लावा, औषधांचा आणि चादरींचा साठा मोजा. म्हणजे ती रुग्णापासून लांब गेली तरच वर जाणार. अशा वेळी तिने ‘अध्यापन’ या चौकटीवर टिक केली, तर ती तिची पसंती म्हणायची की नाइलाज? माझ्या मते हा नाइलाज आहे, आणि आपण त्याला पसंती म्हणून मोजतो हे वाईट आहे.

यावर उपाय निघालेले आहेत. ब्रिटनने 2000 साली नर्स कन्सल्टंट ही पदं सुरू केली. पदाची व्याख्याच चार पायांवर केली: तज्ज्ञ म्हणून रुग्णसेवा, नेतृत्व, शिक्षण आणि संशोधन. अट अशी, की किमान निम्मा वेळ थेट रुग्णांसाठी द्यायचा. म्हणजे वर चढायचं असेल तर रुग्णाला सोडायलाच हवं, हे समीकरण त्यांनी मोडलं. ही पदं संख्येने थोडीच राहिली, पण असं पद आखता येतं एवढं तरी सिद्ध झालं.

त्याच्याही आधी, 1983 मध्ये, अमेरिकन अकॅडमी ऑफ नर्सिंगने एक साधा पण फार हुशार प्रश्न विचारला होता. नर्सेसची सगळीकडे टंचाई असताना काही रुग्णालयांत मात्र नर्सेस येतात आणि टिकतात, हे कसं? 163 रुग्णालयं तपासली, त्यातली 41 अशी निघाली. त्यांना ‘मॅग्नेट’, म्हणजे लोहचुंबकासारखी रुग्णालयं म्हटलं गेलं. तिथे काय होतं? पुरेशी माणसं होती. नर्सच्या मताला निर्णयात किंमत होती. शिकायला वाव होता. वरिष्ठ नर्सिंग अधिकारी नर्सेसच्या बाजूने उभ्या राहत होत्या. म्हणजे नर्सला रुग्णसेवा नकोशी होत नाही, ती ज्या अवस्थेत करावी लागते ती अवस्था नकोशी होते.

शिकवणं: हवंहवंसं, पण कशासाठी?

अध्यापनाची खरी ओढ असलेल्या नर्सेसही पुष्कळ असतात. त्या ओळखू येतात. वॉर्डात नवीन विद्यार्थिनी आली की स्वतःचं काम बाजूला ठेवून तिला सलाइनची सुई कुठल्या कोनात धरायची ते दाखवतात, तिने चूक केली तर रुग्णासमोर न बोलता बाजूला घेऊन सांगतात. अशांनी शिकवायलाच हवं.

पण ज्या केवळ नाइट टाळण्यासाठी येतात, त्यांच्यासाठी एक जुनं संशोधन डोळ्यांसमोर ठेवण्यासारखं आहे. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग भागातल्या सुमारे दोनशे अभियंते आणि हिशेबनिसांशी बोलून 1959 मध्ये एक मांडणी केली. कामातला त्रास देणाऱ्या गोष्टी एका गटातल्या असतात: पगार, वेळा, वरिष्ठांचं वागणं, सुविधा. समाधान देणाऱ्या गोष्टी दुसऱ्याच गटातल्या असतात: काम स्वतःच आवडणं, काहीतरी साध्य होणं, जबाबदारी, दखल घेतली जाणं. पहिल्या गटातला त्रास काढून टाकला तर माणूस वैतागायचं थांबतो, पण आनंदी होईलच असं नाही. या मांडणीवर पुढे बरीच टीका झाली, तरी नर्सेसच्या बाबतीत तिचा एक धागा मला अगदी पटतो. नाइट गेल्याने झोप मिळते. सकाळी वर्गात उभं राहावंसं वाटेल का, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

अध्यापनाचं कामही बाहेरून दिसतं तेवढं सुटसुटीत नाही. तास घेणं हा त्यातला छोटा भाग. बाकी पेपर तपासणं, क्लिनिकल पोस्टिंगवर, म्हणजे वॉर्डात प्रत्यक्ष काम शिकायला आलेल्या पंधरा-वीस विद्यार्थ्यांवर लक्ष ठेवणं, हजेरीचे तक्ते, मान्यतेसाठीची कागदपत्रं, शोधप्रबंधांचं मार्गदर्शन. त्यात हात वॉर्डातून सुटले की कौशल्याला गंज चढतो, ही खंत अनेक शिक्षिका बोलून दाखवतात.

आणि एक कोडं आहे. अध्यापनाला एवढी पसंती असेल तर नर्सिंग कॉलेजांना शिक्षक का मिळत नाहीत? अमेरिकेतल्या नर्सिंग कॉलेजांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार 2023 मध्ये तिथल्या कॉलेजांनी पात्र उमेदवारांचे 65,766 अर्ज परत पाठवले. कारणांत शिक्षकांची कमतरता, क्लिनिकल पोस्टिंगच्या जागा आणि मार्गदर्शक नर्सेस कमी असणं ही ठळक होती. तिथे कोडं सोपं आहे: तीच मास्टर्स पदवी घेऊन नर्स प्रॅक्टिशनर झालं तर कॉलेजातल्या शिक्षकापेक्षा जास्त पगार मिळतो. शिकवायची ओढ असलेलीही हिशेब करते आणि तिकडे जाते. म्हणजे एके ठिकाणी पर्याय नाही म्हणून नर्सेस शिकवायला जातात आणि दुसरीकडे चांगला पर्याय आहे म्हणून शिकवायला येत नाहीत. दोन्हीकडे पसंतीचा आकडा आवडीपेक्षा रचनेबद्दल जास्त सांगतो.

संशोधन आणि प्रशासन

संशोधनाला पसंती सगळ्यात कमी मिळते. बहुतेकींची संशोधनाशी ओळख होते ती प्रबंधाच्या निमित्ताने, आणि तो अनुभव बरेचदा उरकण्याचा असतो: गाइडला चालेल असा विषय, हाताशी असलेले नमुने, आधीच्या बॅचची प्रश्नावली थोडी बदलून. असं केल्यावर संशोधनाचा कंटाळा येणारच. खरं संशोधन वॉर्डात पडलेल्या प्रश्नातून सुरू होतं. या वॉर्डात शय्याव्रण, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, जास्त का होतात? रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलतो असं तक्ता म्हणतो, प्रत्यक्षात किती वेळा बदलतो?

अशा प्रश्नांनी जग हलतं. अमेरिकन नर्स आणि संशोधक लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातल्या नऊ देशांतली 300 रुग्णालयं आणि शस्त्रक्रिया झालेल्या 4,22,730 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. 2014 मध्ये छापलेले त्यांचे निष्कर्ष असे: एका नर्सच्या वाट्याला सरासरी एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली दिसते, आणि पदवीधर नर्सेसचं प्रमाण दहा टक्क्यांनी वाढलं की ती 7 टक्क्यांनी कमी दिसते. हा अभ्यास पदवीबद्दल आहे, पदव्युत्तरबद्दल नाही, आणि त्यातला संबंध म्हणजे थेट कार्यकारणभाव नव्हे. तरीही ‘नर्सला शिकून काय करायचंय’ या प्रश्नाला याहून चोख उत्तर मला माहीत नाही. आणि ते उत्तर एका नर्सनेच शोधून काढलं.

डॉक्टरेटच्या पातळीवर पसंती कशी वळते हेही बघण्यासारखं आहे. अमेरिकेत 2004 मध्ये नर्सिंग कॉलेजांच्या संघटनेने ‘डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस’ या सेवाकेंद्री पदवीला पाठबळ दिलं. आज तिथे या पदवीला चाळीस हजारांच्या आसपास विद्यार्थी असतात, संशोधनाच्या पीएचडीला पाच हजारही नसतात. दार रुग्णाच्या दिशेने उघडलं की नर्सेस त्यातून जातात, हे इथे पुन्हा दिसतं. मात्र संशोधन करणाऱ्या आणि पुढच्यांना घडवणाऱ्या नर्सेस कमी पडतील, ही काळजीही तिथे वाढते आहे.

प्रशासनाबद्दल थोडक्यात. ज्यांना माणसं जोडता येतात, भांडण मिटवता येतं आणि वरच्यांसमोर ठामपणे ‘एवढ्या माणसांत वॉर्ड चालणार नाही’ म्हणता येतं, त्यांनी इकडे यावं. पदव्युत्तर वर्गातले पुरुष नर्स इकडे जास्त वळतात किंवा वळवले जातात, असं अनेक ठिकाणी दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2025 च्या अहवालानुसार जगातल्या नर्सेसपैकी सुमारे 85 टक्के स्त्रिया आहेत. तरी वरच्या पदांवर पुरुषांचं प्रमाण त्यांच्या एकूण संख्येच्या मानाने जास्त आढळतं. समाजशास्त्रज्ञ क्रिस्टीन विल्यम्स यांनी 1992 मध्ये याला ‘काचेचा सरकता जिना’ म्हटलं: बायकांच्या मानल्या गेलेल्या पेशात आलेल्या पुरुषाला व्यवस्थाच वर ढकलते, कधी कधी त्याला खाली रुग्णापाशी राहायचं असलं तरी.

स्पेशालिटी निवडताना

पेशातली दिशा हा एक भाग, विषय हा दुसरा. इथे एक चित्र देशोदेशी सारखं दिसतं: अतिदक्षता, आपत्कालीन विभाग, लहान मुलं, प्रसूती यांना मागणी, मानसिक आरोग्य आणि वृद्धांची शुश्रूषा तळाशी. ऑस्ट्रेलियात नर्सिंगच्या अभ्यासक ब्रेंडा हॅपेल यांनी 1990 च्या दशकात नर्सिंगला नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा मुलं आणि प्रसूती वर होती, मनोरुग्ण आणि वृद्ध खाली.

दुःखाची गोष्ट अशी, की लोकसंख्येचं वय वाढतंय आणि मानसिक आजार झाकून ठेवण्याचे दिवस सरत चाललेत. म्हणजे जिथे नर्सेस सगळ्यात जास्त लागणार, तिथेच कुणाला जायचं नाही. पण ही नावड दगडावरची रेघ नाही. चांगली, पुरेशी लांब आणि नीट सांभाळलेली क्लिनिकल पोस्टिंग मिळाली, की मानसिक आरोग्याकडे बघण्याची नजर बदलते, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पहिल्याच दिवशी कुलूपबंद वॉर्डात एकटीला सोडलं तर भीती बसते. हाताशी अनुभवी सिस्टर असेल, ओरडणाऱ्या रुग्णाजवळ जाऊन किती अंतरावर उभं राहायचं, आवाज कसा ठेवायचा, हात कुठे दिसले पाहिजेत हे तिने दाखवलं, तर तीच विद्यार्थिनी पुढे तो विषय घेऊ शकते. पसंती अनुभवातून घडते, आणि अनुभव कसा द्यायचा ते आपल्या हातात असतं.

पसंती मोजायची कशी?

हा भाग थोडा तांत्रिक आहे, पण समजून घेण्यासारखा आहे. साध्या सर्वेक्षणात विचारतात, ‘तुमच्यासाठी पगार महत्त्वाचा आहे का? शिक्षणाची संधी? घराजवळ नोकरी?’ सगळ्याच गोष्टींना ‘अतिशय महत्त्वाचं’ असं उत्तर मिळतं. मग त्यातून हाती काही लागत नाही.

म्हणून अर्थशास्त्रातून आलेली एक पद्धत वापरतात. तिला निवड-प्रयोग म्हणू. असल्या निवडींच्या अभ्यासासाठीच डॅनियल मॅकफॅडन यांना 2000 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. नर्ससमोर दोन काल्पनिक नोकऱ्या ठेवतात. पहिली: मोठ्या शहरातलं रुग्णालय, महिन्याला आठ नाइट, नेहमीचा पगार, अभ्यासरजा नाही. दुसरी: दूरच्या लहान गावातलं रुग्णालय, महिन्याला चार नाइट, पगार दहा टक्के कमी, पण दोन वर्षांनी पगारी अभ्यासरजा. एकच निवडा. मग आकडे बदलून पुन्हा दोन नोकऱ्या, पुन्हा निवड. अशा दहा-पंधरा जोड्या. इथे सगळंच महत्त्वाचं म्हणता येत नाही, काहीतरी सोडावंच लागतं. पुष्कळ नर्सेसच्या निवडी एकत्र केल्या, की अभ्यासरजेसाठी त्या किती पगार सोडायला तयार आहेत हे गणिताने काढता येतं.

केनिया, दक्षिण आफ्रिका आणि थायलंडमध्ये नर्सेसवर असा प्रयोग झाला आणि तो 2010 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला. ग्रामीण भागात नर्सेस याव्यात म्हणून काय करावं, हा प्रश्न होता. केनिया आणि दक्षिण आफ्रिकेत पुढच्या शिक्षणाची चांगली संधी किंवा ग्रामीण भत्ता सगळ्यात परिणामकारक ठरेल असं निघालं. थायलंडमध्ये मात्र चांगलं आरोग्य विमा संरक्षण. यात दोन गोष्टी ठळक आहेत. पुढचं शिक्षण हे केवळ साधन नाही, ते स्वतःच एक आमिष आहे. आणि एका देशाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवता येत नाही.

अर्थात हे प्रयोगही कागदावरचे. प्रत्यक्ष निर्णय घेताना नवऱ्याची बदली, आईचं आजारपण, कर्जाचा हप्ता हे सगळं मध्ये येतं. जगातल्या दर सात नर्सेसपैकी एक तिच्या जन्माच्या देशाबाहेर काम करते, असं जागतिक आरोग्य संघटनेचा 2025 चाच अहवाल सांगतो. त्यांच्यापैकी किती जणींनी परदेश ‘पसंत’ केला आणि किती जणी घर चालवायला गेल्या, हे कुठल्याही तक्त्यात येत नाही.

निवड तुमच्यावर आली असेल तर

तुम्ही स्वतः शिकत असाल आणि ठरत नसेल, तर पदाच्या नावावर विचार करू नका, कामाच्या दिवसावर करा. ज्या पदाचा विचार करताय, त्यावर असलेल्या एखाद्या ताईंसोबत एक पूर्ण दिवस काढायची परवानगी मागा. दिवसभरात किती वेळ रुग्णांसोबत गेला, किती कागदांसोबत, किती मीटिंगांत, ते लिहून ठेवा. त्यातल्या कुठल्या तासाला तुम्हाला घड्याळ बघावंसं वाटलं नाही, तेही लिहा.

मग एका कागदावर दोन याद्या करा: आत्ताच्या कामातलं काय नको आहे आणि नव्या कामातलं काय हवं आहे. पहिली यादी लांब आणि दुसरी जवळजवळ रिकामी असेल, तर आधी रुग्णालय किंवा विभाग बदलून बघा, पेशाची दिशा एवढ्यात बदलू नका. पाठीच्या दुखण्यावर दुसऱ्या विभागातली नोकरी हा उपाय असू शकतो; त्यासाठी पीएचडी लागत नाही.

मुलाखतीला गेलात की तुम्हीही प्रश्न विचारा. या पदावरच्या माणसाला रुग्णसेवेचे निर्णय घेण्याचा कोणता अधिकार आहे? मास्टर्सचा फरक पगारात कुठे दिसतो? अध्यापनाचं पद असेल तर आठवड्यातून एखादा दिवस वॉर्डात काम करता येईल का? काही ठिकाणी कॉलेज आणि रुग्णालय मिळून एकच संयुक्त पद देतात, त्यात दोन्हीकडचं काम आखलेलं असतं. असं पद मिळालं तर मात्र आठवड्याचा कुठला वार कुणाचा, सुट्टी कोण मंजूर करणार आणि दोन्हीकडून एकाच वेळी बोलावणं आलं तर जायचं कुठे, हे रुजू होण्याआधी लेखी घ्या. नाहीतर दोन पूर्ण नोकऱ्या एका पगारात कराव्या लागतात.

आणि तुम्ही नर्सेस नेमणाऱ्यांपैकी असाल, तर पुढच्या वेळी पसंतीचं सर्वेक्षण करताना प्रश्नावलीत एक चौकट वाढवा: ‘तुमच्या पदवीला साजेसं पद, पगार आणि अधिकार रुग्णसेवेत मिळाला, तर तुम्ही तिथेच राहाल का?’ उत्तर ‘हो’ आलं, तर त्या पदासाठी अंदाजपत्रकात तरतूद करा आणि मगच विचारा की तुमच्या अनुभवी नर्सेस कुठे निघून चालल्यात.